शेगडीची नळी आणि शेजारधर्म

सुरतहून भरूचकडे निघालेली गाडी तापी ओलांडते, उत्राण घेते आणि मग कोसाडला थांबते. अमरोलीला लागून असलेले हे एकेकाळचे खेडे आता सुरत महापालिकेच्या हद्दीत आहे. आज त्याची ओळख आहे ती पालिकेने जेएनएनयूआरएम योजनेतून उभारलेल्या ‘कोसाड आवास’ या प्रचंड वसाहतीमुळे. शहरातल्या झोपड्या उठल्या आणि हजारो कुटुंबे इथे आली. पत्र्याच्या खोपटातून आलेल्या माणसाला पक्की भिंत मिळाली, नळ मिळाला, ओटा मिळाला. त्यांच्याबरोबर आणखी एक गोष्ट पदरात पडली, ती वाटपाच्या कागदावर कोणी लिहिली नव्हती. ओट्यामागच्या भिंतीपलीकडे दुसऱ्याचे अंथरूण असते. खोपटाला आग लागली तर माणूस पत्रा लाथेने पाडून बाहेर पडे. इमारतीत बाहेर पडायचे ते जिन्यानेच, आणि जिन्यात सायकली, पिंपे आणि साड्यांची गाठोडी.

म्हणून शेगडीला सिलिंडर कसा जोडला आहे, ही आता कोणाच्याही घरची खासगी बाब राहिलेली नाही. ‘आमच्या घरात आम्ही काय वाट्टेल ते करू’ हे वाक्य शेतातल्या वस्तीवर एक वेळ खपेल. आवासात, चाळीत, फ्लॅटमध्ये ते बोलण्याचा हक्क कोणालाच नाही. शेजाऱ्याच्या दारात कचरा टाकला तर आपल्याकडे भांडण होते. त्याच शेजाऱ्याच्या उशाशी तडे गेलेली नळी ठेवली, तर कोणी चकार शब्द काढत नाही. ही आपली सार्वजनिक नीती आहे आणि ती फार खालच्या पातळीवर आहे.

आधी शत्रू ओळखून घेऊ. आपण ज्याला नुसते ‘गॅस’ म्हणतो तो प्रोपेन आणि ब्युटेन यांचे मिश्रण. दाबाखाली त्याचे पाणी करून टाकीत भरतात. एक लिटर द्रव बाहेर पडून वायू झाला की सुमारे अडीचशे लिटर होतो. त्याला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून कारखान्यातच त्यात मरकॅप्टन नावाचे घाण वासाचे रसायन मिसळतात. तो हवेहून दीडपट ते दुप्पट जड असतो. घराघरांतली निम्मी चुकीची समजूत इथेच आहे. गॅस सुटला की तो वर जाऊन खिडकीतून निघून जाईल, असे लोक धरून चालतात. तो खाली बसतो. ओट्याखाली, पलंगाखाली, फ्रीजच्या मोटारीजवळ, उंबऱ्याशी साचतो. हवेत त्याचे प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपास गेले की ठिणगी पुरे. दहा बाय दहाच्या खोलीचा हिशोब मांडला तर साधारण किलोभर गॅस सगळी खोली पेटती करायला पुरतो, आणि तो तळाशीच साचत असल्याने त्याहून कमीही पुरेल. भरलेल्या टाकीत तो १४.२ किलो असतो.

आता जोडणी. ती इतकी सोपी आहे की तिच्यावाचून माणसे भाजावीत याची चीड येते. घरातली प्रत्येक ज्योत आधी विझवायची. देवापुढचे निरांजन आणि उदबत्तीसुद्धा, कारण गॅसला श्रद्धा कळत नाही. टाकी उभी, सपाट जमिनीवर, कपाटात कोंडलेली नाही. शेगडी टाकीहून उंच. मग टाकीच्या तोंडावरची टोपी दाबून तिची दोरी ओढायची आणि टोपी काढल्यावर आत वाकून पाहायचे. व्हॉल्व्हच्या आत रबराची एक बारीक काळी कडी असते. आपले लोक तिला वायसर म्हणतात. सगळा खेळ त्या कडीवर. ती नसली, फाटली असली, तर रेग्युलेटर कितीही घट्ट बसवा, बाजूने फुसफुस होणारच. टाकी घेऊन येणाऱ्या माणसाला तिथेच थांबवून ती बघायची. तो घाईत असतो, चार जिने चढून आलेला असतो, ‘बराबर है भाभी’ म्हणून खाली उतरू पाहतो. त्याला पाणी द्यावे, पण कडी बघितल्याशिवाय सोडू नये. तपासून देणे हे त्याचे कामच आहे. ते आपण त्याच्यावर उपकार म्हणून सोडून देतो.

टाकी घेताना आणखी एक गोष्ट वाचता येते, आणि ती वाचणारा माणूस शंभरात एखादाच भेटतो. टाकीच्या गळ्याशी ज्या उभ्या पट्ट्या असतात, त्यांपैकी एकीच्या आतल्या बाजूला इंग्रजी अक्षर आणि वर्षाचे शेवटचे दोन आकडे रंगवलेले असतात. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, सी आणि डी पुढची दोन तिमाही. ‘बी २७’ लिहिले असेल तर त्या टाकीची पुढची चाचणी २०२७ च्या जूनअखेरपर्यंत व्हायला हवी. मुदत उलटलेली टाकी परत करायची. दुधाच्या पिशवीवरची तारीख आपण चष्मा लावून वाचतो, तेव्हा हीही वाचता येईल.

रेग्युलेटर बसवताना त्याची चावी बंद असली पाहिजे. खालची प्लास्टिकची चकती वर उचलून धरायची, रेग्युलेटर व्हॉल्व्हवर टेकवायचा, किंचित फिरवत खाली दाबायचा आणि चकती सोडायची. ‘टक्’ असा आवाज येतो. आवाज आला नाही तर तो बसलेला नाही. वरून ठोकायचे नाही, पुन्हा काढून लावायचा. मग शेगडीची बटणे बंद ठेवून रेग्युलेटर चालू करायचा आणि वाटीभर पाण्यात कपड्याचा साबण खळबळून तो फेस बोटाने तीन ठिकाणी लावायचा: रेग्युलेटर आणि टाकी यांच्या सांध्यावर, नळी रेग्युलेटरला मिळते तिथे आणि नळी शेगडीला मिळते तिथे. फेस शांत राहिला तर ठीक. बुडबुडा फुगून फुटला, पुन्हा फुगला, तर गॅस गळतोय. मिनिटभराचे काम आहे. काडी ओढून गळती बघणारे बहाद्दर अजून आहेत. काडीने गळती सापडते खरी, पण ती सापडल्याचे सांगायला माणूस शिल्लक राहील याची हमी नसते.

नळीबद्दल थोडे सविस्तर बोलले पाहिजे, कारण आपला कंजूषपणा नेमका तिथे उफाळून येतो. आयएसआय शिक्क्याची, आत तारेची जाळी असलेली केशरी सुरक्षा नळी गॅस एजन्सीकडे मिळते. तिच्यावर बनवल्याचे वर्ष छापलेले असते आणि पाच वर्षांनी ती बदलायची असते. किंमत म्हणाल तर घरातल्या दोघांनी मल्टिप्लेक्समध्ये एक सिनेमा पाहिला तर त्याहून कमी. तरी आपण काय करतो? बाजारातली साधी हिरवी किंवा निळी रबरी नळी मीटरवर मोजून आणतो. टाकी दूर ठेवायची म्हणून दोन नळ्या मधे तुकडा घालून जोडतो. भिंतीला भोक पाडून नळी पलीकडच्या खोलीत नेतो. नळीला कापड गुंडाळतो, म्हणजे तडा दिसायलाही नको. दिवाळीला घराला रंग काढतो आणि नळी मात्र लग्नातली तशीच! दीड मीटरहून लांब नळी लागत असेल तर टाकी जवळ आणावी, घरातली मांडणी बदलावी. नळीला गाव हिंडवू नये.

सुरतेत या धोक्याला एक खास सुरती पदर आहे. इथल्या कापड बाजाराचे कितीतरी काम घराघरांत होते. साडीवर स्टोन चिकटवणे, लेस लावणे, धागे कापणे, घड्या घालणे. ही कामे बायका नगावर करतात. उधना, लिंबायत, पांडेसरा, डिंडोलीत खानदेशातून, म्हणजे जळगाव-धुळे-नंदुरबारकडून आलेल्या मराठी कुटुंबांत हे रोजचे दृश्य आहे. एकच खोली. तिच्या एका कोपऱ्यात ओटा आणि शेगडी, तापलेल्या तव्यावर कळण्याची भाकरी. तिथून दोन हातांवर साड्यांचा ढीग, बाजूला डिंकाचा डबा, आणि ढिगाला टेकून अभ्यास करणारी पोरगी. साडी पॉलिएस्टरची. सुती कापड जळते तेव्हा त्याची राख होते. पॉलिएस्टर वितळून ठिबकते आणि कातडीला चिकटते. जो व्यापारी ही गाठोडी रोज घरी पाठवतो त्याच्या गोदामात अग्निशमनाचे नळकांडे टांगलेले असते. ज्या खोलीत त्याचा माल खरोखर तयार होतो तिथे ते नसते, आणि असावे असे त्याला कधी वाटलेही नाही. घरी काम देणाऱ्याने कामगाराच्या घरची आग आपली मानली पाहिजे. एका नळीचा खर्च शंभर साड्यांच्या मजुरीत लपवला तरी त्याचे काही बिघडणार नाही.

दुसरा सुरती पदर पाइपच्या गॅसचा. शहरात गुजरात गॅसची पाइपलाइन घरोघर गेली आहे. तो नैसर्गिक वायू, मुख्यतः मिथेन. तो हवेपेक्षा हलका आणि कमी दाबाने येणारा. त्याला शेगडीचे जेट मोठ्या भोकाचे लागते, सिलिंडरला बारीक. आता घोटाळा कुठे होतो पाहा. सुरतेत पाइप आल्यावर मेकॅनिक शेगडीची भोके मोठी करून देतो. दोन-तीन वर्षांनी तीच शेगडी तापी लाइनच्या गाडीने अमळनेरला किंवा नंदुरबारला थोरल्या भावाकडे जाते, ‘आमच्याकडे नवीन घेतली, ही चांगली चालते’ म्हणून. तिथे तिला टाकी जोडतात. ज्योत हातभर उसळते, भांडी काळी पडतात, आणि वहिनीला वाटते शेगडी भारी तेज आहे. द्यायचीच असेल तर जेट बदलून द्या. उलट दिशेनेही तेच. शेगडी एलपीजीची की पीएनजीची, हे तिच्या अंगावर लिहिलेले असते.

तिसरी गोष्ट सर्वांत गंभीर आणि तिच्याबद्दल सभ्य माणसे बोलत नाहीत. सुट्टा गॅस. लूमवर बारा-बारा तास उभे राहणारी, एका खोलीत चार-पाच जण राहणारी मुले गावाकडून येतात तेव्हा त्यांच्याकडे कनेक्शन नसते. डोक्यावरच बर्नर असलेली छोटी टाकी ती घेतात आणि कोपऱ्यावरच्या दुकानात किलोच्या भावाने भरून आणतात. दुकानदार मोठ्या घरगुती टाकीला नळी लावून ती उलटी करतो आणि लहान टाकीत गॅस ओततो. हे बेकायदा आहे. २००० सालच्या एलपीजी वितरण आदेशानुसार एका टाकीतून दुसरीत गॅस काढायला मनाई आहे. पण कायदा बाजूला ठेवून नुसता धोका बघा. घरगुती टाकीत ३३.३ लिटर पाणी मावते, तरी कंपनी तिच्यात १४.२ किलोच गॅस भरते, कारण उन्हात द्रव फुगतो आणि त्याला फुगायला मोकळी जागा लागते. कोपऱ्यावरचा दुकानदार ही जागा ठेवत नाही. गिऱ्हाईक खूश व्हावे म्हणून तो तोंडोतोंड भरतो. त्या लहान टाकीची चाचणी कोणी केलेली नसते. तिला नळी नाही, म्हणजे ज्योत आणि टाकी यांच्यात वीतभरही अंतर नाही. आणि ही टाकी रात्री झोपायच्या सतरंजीशेजारीच असते.

त्यांना शहाणपण शिकवायला निघालेल्यांनी आधी स्वतःला एक प्रश्न विचारावा. ती मुले चोरटा गॅस का घेतात? खोलीमालक भाडेकरार लिहून देत नाही, म्हणून त्यांच्याकडे पत्ता नाही. पत्ता नाही म्हणून एजन्सीच्या दारात जायची त्यांची हिंमत होत नाही. मालकाला कर चुकवायचा असतो, उद्या हक्क सांगतील अशी भीती असते, आणि त्या भीतीची किंमत आगीच्या रूपाने भाडेकरू मोजतो. हजिऱ्यापासून, म्हणजे याच सुरतेच्या समुद्रकाठापासून, ऐंशीच्या दशकात विजयपूर-जगदीशपूरपर्यंत देशातली मोठी वायुवाहिनी टाकली गेली. त्या काठावरच्या शहरात माणसे पाव-पाव किलोने गॅस विकत घेतात, ही शोभणारी गोष्ट नाही.

वाट नाही असे मात्र नाही. तेल कंपन्यांची पाच किलोची टाकी २०१३ पासून ओळखपत्र दाखवून मिळते. पत्त्याचा पुरावा लागत नाही. ‘छोटू’ नावाने इंडेन ती विकते. किलोमागे ती मोठ्या टाकीपेक्षा महाग पडते, हे खरे आणि अन्यायाचेही. गरिबाने कमी घेतले की जास्त मोजावे, हा आपल्या बाजाराचा नियमच आहे. पण ती तपासलेली असते, तिला व्हॉल्व्ह आणि रेग्युलेटर असतो. कुटुंब घेऊन आलेल्यांसाठी उज्ज्वला आहे. १ मे २०१६ ला सुरू झालेल्या या योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात, ऑगस्ट २०२१ पासून, स्थलांतरितांना रेशनकार्ड आणि पत्त्याच्या पुराव्याऐवजी स्वतःचे घोषणापत्र देण्याची सोय केली आहे. गावी कनेक्शन असेल आणि सगळे घरच सुरतेला आले असेल तर ते तिथे जमा करून कागद इथल्या एजन्सीत आणता येतो. हे अर्ज भरायला दोन बुके शिकलेला माणूस लागतो. तो आपल्या प्रत्येक सोसायटीत, प्रत्येक मंडळात आहे. रविवारी सकाळी दोन तास बसायची त्याची तयारी आहे का, एवढाच प्रश्न.

अधिकृत कनेक्शनचा आणखी एक फायदा बहुतेकांना ठाऊकच नसतो. तेल कंपन्या नोंदणीकृत ग्राहकांसाठी विमा उतरवतात. एलपीजीच्या अपघातात मृत्यू झाला तर माणशी ६ लाख रुपये, उपचारासाठी माणशी २ लाखांपर्यंत, आणि नोंदलेल्या पत्त्यावरच्या मालमत्तेच्या नुकसानीसाठी २ लाखांपर्यंत अशी तरतूद आहे. ग्राहकाला त्यासाठी वेगळा हप्ता भरावा लागत नाही. सुट्ट्या गॅसवर भाजलेल्या पोराला यातले काही मिळत नाही. घरची टाकी नाश्त्याच्या लारीवर लावणाऱ्यानेही हे लक्षात ठेवावे.

आता घरातल्या माणसांकडे वळू. टाकी संपली की ओरडा होतो, नंबर लावायची आठवण बाईला राहावी अशी अपेक्षा असते, टाकी बदलते बाई, दूध उतू गेले की बोलणी खाते बाई. पण नवीन नळी घ्यायची का, शेगडी दुरुस्तीला द्यायची का, हे ठरवायचे पुरुषाने, कारण पाकीट त्याच्या खिशात. जिच्या हातात काडी आहे तिच्या हातात पैसा नाही, आणि ज्याच्या हातात पैसा आहे त्याला रेग्युलेटर कोणत्या बाजूला फिरतो तेही माहीत नाही. अपघात झाला की मात्र दोघांतल्या एकीचेच नाव निघते: ‘बाईने गॅस उघडा टाकला असेल.’

हे बोलणे इतके निरागस नाही. ऐंशीच्या दशकातली मराठी वर्तमानपत्रे चाळा. ‘स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू’ ही बातमी ठरलेल्या जागी, ठरलेल्या चार ओळींत यायची. स्टोव्ह नेमका सुनांवरच का भडकतो, सासवांवर का नाही, हे विचारायला स्त्रियांच्या संघटनांना रस्त्यावर यावे लागले. त्यानंतर १९८३ मध्ये विवाहितेच्या छळाचे ४९८-अ आणि १९८६ मध्ये हुंडाबळीचे ३०४-ब हे कलम कायद्यात आले. रॉकेलचा स्टोव्ह आता जवळजवळ गेला, पण स्वयंपाकघरातल्या आगीला बाईचा धांदरटपणा हे कारण तयार ठेवायची सवय गेली नाही. म्हणून पुरुषांना सांगणे आहे: साबणाचा फेस तुम्ही लावा. दर टाकीला. मुलगा दहावीत असेल तर त्याला शेजारी उभा करून दाखवा आणि पुढची टाकी त्याच्या हातून बसवून घ्या.

दूध उतू जाण्याचा उल्लेख आला म्हणून सांगतो. दुधाने ज्योत विझते, बटण चालूच राहते आणि गॅस मुकाट्याने येत राहतो. बहुतेक घरगुती शेगड्यांना हे कळत नाही. भरताचे वांगे थेट बर्नरवर भाजायचे आपल्या खानदेशी मंडळींना वेड. त्याचा रस बर्नरच्या भोकांत वाळतो आणि ज्योत निळीची पिवळी होते. पिवळी ज्योत म्हणजे अर्धवट जळणारा गॅस आणि काळी कढई. बर्नर धुवा. वांगे सोडा असे म्हणण्याइतका मी क्रूर नाही.

वास आला तर काय करायचे, हे तर घरातल्या शेंबड्या पोरालाही पाठ हवे. बटण दाबायचे नाही, चालू असलेले बंदही करायचे नाही, कारण ठिणगी दोन्ही वेळा पडते. पंखा नाही, बेल नाही, मोबाइल नाही. रेग्युलेटर बंद करायचा, काढून टोपी लावायची, दार-खिडक्या सताड उघडायच्या, मुलाबाळांना घेऊन बाहेर पडायचे, शेजाऱ्यांना सांगायचे आणि बाहेरून १९०६ ला फोन करायचा. सर्दी झालेल्याला आणि म्हाताऱ्या माणसाला हा वास लवकर कळत नाही, शिवाय त्यातच बसून राहिले की नाकाला त्याची सवय होते. तेव्हा शेजारच्या काकू ‘वास येतोय का गं?’ म्हणून विचारायला आल्या, तर ‘आमच्याकडे नाही’ असे दारातूनच तोडू नये. कोणी भाजलेच तर वाहते साधे पाणी वीस मिनिटे, आणि १०८. टूथपेस्ट, हळद, तूप नाही. अंगाला चिकटलेले पॉलिएस्टर ओढून काढायचे नाही.

‘नशिबात होते’ हे आपल्याकडचे शेवटचे उत्तर. या उत्तराशी भांडण सुरतेतच सुरू झाले होते, हे इथल्या मराठी माणसाने विसरू नये. १८४४ मध्ये गुजराती सुधारक दुर्गाराम मेहताजी आणि तेव्हा सुरतेत शिक्षक असलेले मराठीचे व्याकरणकार दादोबा पांडुरंग यांनी मित्रांसह मानवधर्म सभा काढली. भूत उतरवणाऱ्या मांत्रिकांना दुर्गारामांनी जाहीर आव्हान दिले की आपली विद्या सर्वांसमक्ष सिद्ध करा. एक गुजराती, एक मराठी, दोघांनी मिळून सुरतेला विचारले की कारण दिसत असताना दैव कशाला मधे आणता? आज नव्या शेगडीला हळदकुंकू वाहणारा माणूस नळीवरचे वर्ष वाचत नाही, तेव्हा तो प्रश्न पुन्हा विचारावा लागतो. हळदकुंकू वाहू नका असे मी म्हणत नाही. आधी फेस लावा, मग वाहा.

सुरत हे शिकू शकणारे शहर आहे. सप्टेंबर १९९४ मध्ये प्लेगच्या भीतीने लाखो माणसे गाड्या भरभरून पळाली. पुढल्या वर्षी एस. आर. राव पालिका आयुक्त म्हणून आले आणि घाणीने बदनाम झालेले हे शहर स्वच्छतेसाठी नावाजले जाऊ लागले. २४ मे २०१९ ला सरथाण्याच्या तक्षशिला आर्केडमध्ये क्लासला आलेली २२ मुले आगीत गेली, आणि मग गावभर अग्निसुरक्षेच्या परवान्यांची धावपळ उडाली. दोन्ही वेळा शिक्षण झाले, पण मढी मोजून. स्वयंपाकघरातल्या आगीत माणसे एकेक करून जातात, म्हणून आयुक्त बदलत नाही, मोर्चा निघत नाही, शहर जागे होत नाही. पालिकेच्या मराठी, गुजराती, उडिया, उर्दू अशा सगळ्या माध्यमांच्या शाळांत आठवीच्या मुलांना रिकामी टाकी आणि रेग्युलेटर देऊन हा धडा हाताने शिकवता येईल. त्याला अनुदान लागत नाही. एजन्सीवाला टाकी आणून देईल आणि मुख्याध्यापकांनी तास द्यावा.

आणि गणेशमंडळांनी. सुरतेतल्या मराठी मंडळांचा भंडारा मोठा असतो, पाच-सहा व्यावसायिक टाक्या कापडी मंडपाच्या कडेला ओळीने उभ्या असतात, आणि त्यांच्या नळ्यांवरून पोरे पळत असतात. या वर्षी मंडपात एक टेबल मांडा. त्यावर जुनी तडकलेली नळी, नवी केशरी नळी, साबणाची वाटी आणि आवासातल्या दोन बायका, ज्यांना हे काम येते. आरतीला आलेल्या प्रत्येकाला त्यांनी फेस लावून दाखवावा. वर्गणीतल्या उरलेल्या पैशातून, डीजेचा एक दिवस कमी करून, ज्या घरांची नळी पाच वर्षांपुढची आहे त्यांना नवी द्यावी. यादी करायला कार्यकर्ते आहेतच. वर्गणीला प्रत्येक दार वाजवता, तसेच यालाही वाजवा. आणि हा अंक हातातून खाली ठेवल्यावर ओट्याखाली वाकून आपल्या घरच्या नळीवरचे वर्ष तेवढे वाचा.